सिसिलीच्या कोळ्यांची वंशावळ कोल्हापूरच्या राजारामपुरीत बसून: पैशाची साईट घ्यायची की फुकटातली?

निकाल आधी सांगतो, म्हणजे ज्यांना वेळ नाही त्यांचं काम इथंच होईल. इटलीतली वंशावळ काढायची असेल तर पहिल्या दिवशी पैशाच्या साईटवर एक रुपया पण घालू नका. फॅमिलीसर्च आणि इटली सरकारचं आन्तेनाती पोर्टल, दोन्ही फुकट, आणि खरं काम त्यातच होतं. पैशाची साईट नंतर बघायची, ती पण एखाद्या महिन्यापुरती आणि फक्त अमेरिकेतल्या कागदांसाठी. मार्क द्यायचे तर पाचपैकी फॅमिलीसर्चला साडेचार, आन्तेनातीला चार, आणि आम्ही घेतलेल्या त्या पैशाच्या साईटला (नाव घेत नाही, उगं भांडण नको) अडीच, ते पण हात सैल सोडून.

आता मी ह्या भानगडीत कुठनं पडलो ते सांगतो. माझी पुतणी कॅलिफोर्नियात असते, नवरा तिथलाच, पण मूळ सिसिलीचा. जावईबापूंचे पणजोबा मासेमारी करणारे, गाव इझोला देल्ले फेम्मिने, पालेर्मोच्या पश्चिमेला समुद्राकाठी छोटंसं. पुतणीचं म्हणणं, "काका, कुणबी नोंदीच्या वेळी तुम्ही अख्ख्या गल्लीला मोडी वाचून दिलं, मग यांचं पण बघा की." आता मोडी कुठं आणि इटालियन कुठं, आणि आमच्या घरात समुद्राचा संबंध रत्नागिरीवरनं येणाऱ्या बांगड्यापुरता. पण २०२३ च्या शेवटी आपल्याकडं जी धांदल उडाली ती आठवा, जो तो तहसीलमध्ये कोतवाल बुक, गाव नमुना १४ हुडकत होता, पणजोबाच्या नावापुढं काय लिहिलंय ते बघायला लोकं रांगा लावून उभी होती. ती जुनी रजिस्टरं ज्यानं चाळलीत त्याला सिसिलीचं रजिस्टर फार परकं वाटत नाही. तेच फाटके कोपरे, तोच घाईत लिहिणारा कारकून, आणि तीच ठरलेली वाक्यं परत परत.

सुरुवात पैशाच्या साईटपासनं झाली कारण जावईबापूंनी आधीच वर्गणी भरली होती, ती वाया कशाला घालवायची म्हणून. दिसायला एकदम भारी. नाव टाकलं की झाड तयार, फांद्या फुटायला लागतात, बाजूला सूचना येतात की हा तुमचा खापरपणजोबा असू शकतो, क्लिक करा आणि जोडा. माणूस जोडत सुटतो आणि तासाभरात सतराव्या शतकात पोचतो. तिथंच मला शंका आली, कारण आपल्याकडं सातबाऱ्यावरचा एक फेरफार शोधायला महिना जातो आणि इथं तासात तीनशे वर्षं?

गोम अशी आहे की सिसिलीत नाव ठेवायची पक्की रीत होती. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, पहिल्या मुलीला बापाच्या आईचं, दुसऱ्या मुलाला आणि मुलीला आईकडच्या आजोबा-आजीचं. आता एका साल्वातोरेला पाच मुलगे असले की पाचही जण आपल्या थोरल्याचं नाव साल्वातोरे ठेवणार, आडनाव एकच, गाव एकच, धंदा एकच. म्हणजे एका दशकात एकाच गल्लीत पाच साल्वातोरे, सगळे सख्खे चुलतभाऊ, सगळे जाळी ओढणारे. गावात हे लोक एकमेकाला ओळखायचे ते टोपणनावानं, तिकडं त्याला न्चूरिया म्हणतात, आणि ते काही सरकारी कागदावर भरवशानं येत नाही. आपल्याकडं एकाच आडनावाच्या गावात पिंट्या कुठला विचारलं की "वरल्या आळीतला का खालच्या" असं म्हणतात तसलंच ते.

ह्या पाचातला आपला कुठला हे त्या साईटच्या सूचनेला कळत नाही. तिनं आमच्या पणजोबांना चुलत्याच्या घरात नेऊन बसवलं होतं, आई भलतीच. आणि ते तसंच आणखी तिघाचौघांच्या झाडात कॉपी झालेलं, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं चार ठिकाणी आहे म्हणजे खरंच असणार. कस्टमर केअरला लिहिलं तर उत्तर आलं की झाडातली माहिती ही त्या त्या सदस्याची असते. बरोबर आहे तुमचं, पण मग सूचना कशाला देता ओ? वर ट्रायलची मुदत संपली की पैसे आपोआप कापून घेतात, ते बंद करायचं बटण सेटिंगच्या आत आत कुठंतरी. अडीच मार्क ह्याच्यासाठी.

आता फॅमिलीसर्च. हे अमेरिकेत युटाह राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीच्या मॉर्मन चर्चचं काम. मेलेल्या पूर्वजांसाठी पण धर्मविधी करायची त्यांची श्रद्धा, म्हणून १८९४ पासनं ही मंडळी वंशावळीच्या मागं लागली, जगभर फिरून रजिस्टरांच्या मायक्रोफिल्म काढल्या आणि आता त्या ऑनलाईन टाकल्यात. आपल्या हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे पण फोटो ह्यांच्याकडं आहेत, म्हणजे बघा. खातं काढायला पैसे नाहीत. धर्माचं काही गळ्यात मारत नाहीत, मला तरी कुणी काही विचारलं नाही.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. एक, तिथं सगळ्या जगाचं मिळून एकच झाड आहे आणि त्यात कुणीही हात घालू शकतो, त्यामुळं झाडावर विश्वास ठेवायचा नाही, फक्त रजिस्टरच्या फोटोवर ठेवायचा. दोन, काही फोटो घरनं उघडत नाहीत, त्या त्या देशाशी झालेल्या करारामुळं ते त्यांच्या सेंटरवर जाऊनच बघावे लागतात. अर्धा मार्क त्याचा कापला. नावानं सर्च करून काही सापडलं नाही तर निराश होऊ नका, कारण बऱ्याच रजिस्टरांचा नावाचा इंडेक्स झालेलाच नाही. कॅटलॉगमध्ये जायचं, गावाचं नाव टाकायचं, वर्ष उघडायचं आणि पान पान बघायचं. रजिस्टरच्या शेवटी त्या वर्षाची नावांची यादी असते, आधी ती बघायची, मग नोंद नंबरावर उडी.

आन्तेनातीचं तसंच. ते इटलीच्या सरकारी दप्तरखान्यांचं पोर्टल, २०११ साली सुरू झालेलं, लॉगिनची पण गरज नाही. आधी जिल्ह्याचं दप्तर निवडायचं, मग कालखंड, मग गाव, मग जन्म का लग्न का मृत्यू. काही गावांची काही वर्षं इथं असतात तर काही तिथं, म्हणून दोन्ही टॅब उघडे ठेवूनच बसायचं. सिसिलीत सरकारी जन्म-मृत्यू नोंद १८२० ला चालू झाली. १८६५ पर्यंतचे छापील फॉर्म वेगळे, पानाचे दोन भाग, डावीकडं सरकारी जन्म आणि उजवीकडं चर्चमधला बाप्तिस्मा. १८६६ पासनं नव्या इटली राज्याचा फॉर्म, सलग मजकुराचा. आकडे बरेचदा अक्षरी लिहितात, म्हणून इटालियन आकडे एक ते शंभर पाठ करा, बाकी शब्द वीस-पंचवीसच आहेत. मोडीत जसं "राजश्री" आणि "विनंती विशेष" एकदा डोळ्यात बसलं की पुढचं आपोआप सुटत जातं तसंच.

पणजोबांची १८८४ ची जन्मनोंद मी आणि जावईबापू व्हिडिओ कॉल लावून वाचली. वर साल अक्षरांत, मग तारीख, वेळ, मग गावच्या अधिकाऱ्यासमोर हजर कोण, तर सुईण. बाप नाही. पुढं कारण दिलेलं, नवरा समुद्रावर असल्यामुळं आला नाही. मग त्या बाळाच्या बापाचा धंदा, पेस्कातोरे, म्हणजे मासेमारी. दुसऱ्या एका भावाच्या नोंदीत तोच बाप मारिनारो म्हणून लिहिलाय, ते खलाशाला पण चालतं आणि कोळ्याला पण, त्यामुळं धंद्याचा शब्द बदलला म्हणून माणूस बदलला असं समजायचं नाही. बापाच्या नावानंतर आजोबाचं नाव येतं आणि त्याच्या आधी छोटा शब्द असतो, दि असेल तर म्हातारा हयात, फू असेल तर वारला. हे भारी उपयोगाचं आहे, कारण मृत्यूची नोंद कुठल्या सालाच्या आधी हुडकायची ते त्या एका अक्षराच्या फरकानं कळतं. खाली सुईणीची सही नाही, लिहिता येत नाही म्हणून. जावईबापू बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले झूम करा, आणि त्या समुद्राच्या ओळीचा स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

पाच साल्वातोरेंचा घोळ सुटला तो आईच्या आडनावावर. इटलीत बाईचं आडनाव लग्नानंतर बदलत नाही. जन्माला येताना जे आडनाव तेच मरताना, आणि प्रत्येक नोंदीत तेच लिहिलेलं. त्यामुळं बाप सेम, गाव सेम असलं तरी आई कुणाची कोण हे बघितलं की घर सापडतं. पणजोबांचं लग्न १९०८ ला गावातच झालं, आणि लग्नाच्या नोंदीला जोडलेली कागदं असतात, आल्लेगाती म्हणतात, त्यात नवरा-नवरीच्या जन्माचे उतारे लावलेले. आई-बाप मयत असतील तर त्यांच्या मृत्यूचे पण. एका लग्नाच्या गठ्ठ्यात दोन पिढ्या. आमचा गठ्ठा उघडल्यावर नवऱ्याच्या आईचं नाव स्पष्ट, आणि ती त्या पैशाच्या साईटवरची बाई नव्हेच.

इथं थोडं विषयांतर. आमच्या गावाकडं कागल बाजूला हेळवी यायचे, बैल, घंटा आणि बासन घेऊन, आणि अंगणात बसून घराण्याची नावं घडाघडा म्हणायचे. लहानपणी आम्ही तोंडाचा आ करून ऐकायचो. कुणबी नोंदीच्या वेळी पण वंशावळ म्हणजे बाप, त्याचा बाप, त्याचा बाप, शंभराच्या स्टॅम्पपेपरवर उभी रेघ. त्यात आजी कुठल्या गावची, पणजीचं माहेरचं आडनाव काय, हे कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तर निम्म्या घरात सांगताही आलं नसतं. माझ्याच पणजीचं नाव मला माहिती आहे, माहेर माहिती नाही. सिसिलीतल्या, सही न येणाऱ्या कोळणीचं माहेर मात्र मला राजारामपुरीत बसून तीन पिढ्या मागं सांगता येतंय.

असो. पुढचा टप्पा बोटीचा. घरातली कथा अशी की पणजोबा एलिस आयलंडला, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या परदेशी लोकांच्या तपासणी नाक्यावर, उतरले आणि तिथल्या साहेबानं आडनाव बदललं. अमेरिकेतल्या प्रत्येक इटालियन घरात ही कथा असते आणि ती जवळपास कधीच खरी नसते. प्रवाशांची यादी बोट सुटायच्या बंदरावरच कंपनीचे लोक लिहायचे, एलिस आयलंडचा अधिकारी त्याच यादीवरनं दुभाषा घेऊन प्रश्न विचारायचा, नाव बदलायचं त्याला काही कारण नव्हतं आणि वेळ तर नव्हताच, १९०७ ह्या एका वर्षात तिथनं १० लाखांवर माणूस गेलंय. नावं बदलली ती नंतर, शाळेत, कारखान्याच्या हजेरीत, जनगणनेवाल्यानं ऐकेल तसं लिहिल्यामुळं.

एलिस आयलंडच्या यादीत शोधायचं असेल तर स्टीफन मोर्स यांचा वन-स्टेप फॉर्म वापरा, फुकट आहे, अर्धवट स्पेलिंग, वय, गाव असं काहीही टाकून शोधता येतं. हे मोर्स म्हणजे इंटेलच्या ८०८६ चिपचं डिझाईन करणारे, नंतर हे काम हातात घेतलं. फॉर्म असा आहे की दिसायला पंधरा-वीस वर्षं जुना, पण कामाला एक नंबर.

आमचे पणजोबा मात्र तिथं सापडेनात, कारण ते न्यूयॉर्कला उतरलेच नव्हते. पालेर्मोहून लिंबू-संत्री घेऊन बोटी सरळ न्यू ऑर्लिन्सला जायच्या आणि त्यातनंच माणसं पण. १९०९ च्या न्यू ऑर्लिन्सच्या यादीत सापडले. १९०७ पासनं त्या यादीत मायदेशातल्या जवळच्या नातेवाईकाचं नाव लिहायला लागले, तिथं बायको, आणि तिच्या माहेरच्या आडनावासकट. माणूस पक्का झाला. कुणाकडं चाललाय ह्या रकान्यात मेव्हणा, आणि पत्ता ब्लॅक डायमंड, कॅलिफोर्निया. जावईबापूंच्या आत्याला वाटत होतं ब्लॅक डायमंड हे बोटीचं नाव असणार, कारण म्हातारे लोक "आम्ही ब्लॅक डायमंडवर होतो" असंच म्हणायचे. ते गाव आहे. नदीकाठचं, सामन माशाच्या कॅनऱ्या असलेलं, इझोला देल्ले फेम्मिनेची माणसं एकामागनं एक तिथंच जाऊन बसलेली, आणि १९११ ला त्याचं नाव बदलून पिट्सबर्ग झालं. त्या पेन्सिल्व्हेनियातल्या पोलादाच्या पिट्सबर्गशी गल्लत करू नका, स्पेलिंगमध्ये शेवटचं एच नाही. तिथनं पुढं बरीच कुटुंबं कॅलिफोर्नियाच्याच किनाऱ्यावरच्या मॉन्टेरेला गेली, सार्डिनच्या मागं. आमची पण.

ह्याच गावचा अजून एक कोळी तुम्हाला माहिती आहे, म्हणजे त्याचा मुलगा माहिती आहे. जो डिमॅजिओ, बेसबॉलमधला सगळ्यात मोठ्या नावांपैकी एक, आणि बेसबॉल माहिती नसेल तर मॅरिलिन मन्रोचा नवरा. त्याचा बाप इझोला देल्ले फेम्मिनेचा, आणि जोचा जन्म १९१४ चा, पिट्सबर्गच्या जवळच मार्टिनेझमध्ये.

अमेरिकेतल्या कागदात जनगणना दर दहा वर्षांची, ७२ वर्षांनी उघडी होते, १९५० ची २०२२ ला उघडली. ह्यासाठी पैशाची साईट वापरली आणि इंडेक्स बरा होता हे मान्य करतो, पण बहुतेक सगळं फॅमिलीसर्चवर पण आहे. १९३० च्या कागदात नागरिकत्वाचा रकाना बघा. पणजोबांपुढं नागरिक, पणजीपुढं परकी. एकाच घरात असं कसं? तर १९२२ च्या सप्टेंबरात केबल कायदा आला, त्याच्या आधी नवरा नागरिक झाला की बायको आपोआप व्हायची, त्याच्यानंतर तिनं स्वतंत्र अर्ज करायचा. पणजोबांचा कागद त्याच्या नंतरचा. पणजीनं अर्ज केलाच नाही, इंग्रजी येत नव्हतं आणि पोरं सहा.

त्याची किंमत १९४२ ला बसली. इटलीशी युद्ध, नागरिकत्व न घेतलेले साधारण ६ लाख इटालियन एका दिवसात शत्रूदेशाचे परके ठरले, कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवरनं सुमारे १० हजार जणांना घरं सोडायला लावली, बऱ्याच मासेमारीच्या बोटी नौदलानं घेतल्या. जो डिमॅजिओच्या बापाला सॅन फ्रान्सिस्कोच्या मासेमारी धक्क्यावर पाय ठेवायला बंदी, पोरगा देशाचा हिरो असताना. आमच्या पणजीला मॉन्टेरे सोडून आत सालिनासला भाड्यानं राहावं लागलं आणि तिचा एक मुलगा त्याच वेळी नौदलात. १२ ऑक्टोबर १९४२ ला, कोलंबस दिनाला, इटालियन लोकांवरचा तो शिक्का काढला. घरात हे कुणाला माहितीच नव्हतं, "आजी काही महिने सालिनासला होती, हवापालटाला" एवढंच.

डीएनए किटबद्दल विचारतील म्हणून सांगतो, घेऊ नका असं नाही, पण लहान गावात पिढ्यानपिढ्या आपापसात लग्नं झालेली असली की सगळेच मॅच दिसतात आणि लांबचा नातेवाईक पण जवळचा वाटतो. आधी कागद, मग थुंकी.

आणि इटलीच्या पासपोर्टसाठी हे सगळं करणार असाल तर थांबा. आधी पिढ्यांची मर्यादा नव्हती, पणजोबा काय खापरपणजोबा पण चालायचे. २८ मार्च २०२५ च्या वटहुकुमानं, आणि मे महिन्यात त्याचा कायदा झाल्यावर, आई-वडील किंवा आजी-आजोबा इथपर्यंतच आणून ठेवलंय, त्यात पण अटी. जावईबापूंचा पासपोर्ट पणजोबावर अडकला. त्यांना थोडं वाईट वाटलं, पण आता आईकडच्या बाजूचं बघायचंय म्हणतात, ती मंडळी मारेत्तिमो बेटावरची, त्रापानी जिल्हा.

कुणाला करायचं असेल तर क्रम असा ठेवा: आधी घरातल्या म्हाताऱ्यांना फोन, मग अमेरिकेतली जनगणना आणि बोटीची यादी, त्यातनं गावाचं नाव पक्कं करायचं, आणि गाव पक्कं झाल्याशिवाय इटलीच्या साईटवर जायचंच नाही, नुसतं "पालेर्मो" असेल तर ते जिल्ह्याचं पण नाव आहे. प्रत्येक फोटोचा स्क्रीनशॉट, त्यावर वर्ष आणि नोंद नंबर लिहून ठेवा. लॅपटॉप मोठ्या स्क्रीनचा हवा, मोबाईलवर डोळे जातात. आणि पैशाच्या साईटची ट्रायल घेतलीच तर घेतल्या मिनिटाला ऑटो रिन्यूअल बंद करून टाका, बंद केलं तरी ट्रायल संपेपर्यंत चालू राहते.